कोषाध्यक्षबाईंचा राजीनामा

हिशेबाला चोख असणाऱ्या माणसानं ही गोष्ट चारचौघांत कळू देऊ नये. कळली की कुठल्यातरी समितीचं लोढणं त्याच्या गळ्यात पडलंच म्हणून समजा.

नीलिमा रामटेकेच्या हातून ही चूक मदन महलच्या टेकडीखालच्या मैदानावर झाली. तिची मुलगी एकता तिथे दर रविवारी कबड्डी खेळायची आणि नीलिमा पिशवीत पाण्याची बाटली घेऊन कडेच्या दगडावर बसायची. एका रविवारी पालकांनी मिळून समोसे मागवले, माणशी किती पडले यावरून कुरकुर सुरू झाली. नीलिमानं बसल्या जागी तोंडी हिशेब केला आणि उरलेली चिल्लर ज्याची त्याच्या हातावर ठेवली. शेजारी मुरलीधरकाका उभे होते. त्यांनी ते पाहिलं आणि बाई अडकली.

मुलांची ही लीग काकांनीच सुरू केली होती, संरक्षण कारखान्यातून निवृत्त झाल्यावर. लीग म्हणजे काही मोठं प्रकरण नव्हतं. जबलपूरच्या या बाजूच्या काही वस्त्या, एक भेडाघाटचा संघ, एक पाटनचा. रविवारचे कबड्डी आणि खो-खोचे सामने. पालकांची वर्गणी आणि दोन-चार दुकानदारांच्या देणग्या. कुणाला पगार नाही, कुणाला नफा नाही. भेडाघाटच्या संघात संगमरवर कोरणाऱ्यांची मुलं होती, म्हणून जिंकणाऱ्या संघाला दरवर्षी एक संगमरवरी हत्ती मिळायचा, तोही फुकट. पाटनच्या मुलींची बस मात्र लीग करायची, कारण पाटन तासाभराच्या अंतरावर आणि त्या मुलींच्या घरी कबड्डीसाठी भाडं मागायची सोय नव्हती. लीगचा सगळ्यात मोठा खर्च तोच, आणि काका तो कधी चुकू देत नसत.

काका मुलाकडे नागपूरला राहायला निघाले तेव्हा त्यांनी खजिना नीलिमाच्या स्वाधीन केला. ती भंडाऱ्याची, म्हणजे त्यांच्याच मुलखातली. तिच्या हातात पैसा असला की आपल्याला शांत झोप लागेल, असं ते म्हणाले. नागपूरला त्यांना झोप लागते असं ऐकिवात आहे. इथे हिची उडाली.

कारण काकांच्या जागी अध्यक्ष म्हणून आलोक पटेरिया आले. गोरेपान, हसतमुख, लहान पोरालाही ‘आप’ म्हणणारे. आलोकजी रागावलेले कुणी पाहिले नव्हते आणि हीच त्यांची खरी ताकद होती. रागावणाऱ्या माणसाशी भांडता येतं. गोड माणसाशी भांडायला गेलं की आपणच कजाग ठरतो. नगर निगमच्या पुढच्या निवडणुकीत त्यांना पार्षद, म्हणजे नगरसेवक, व्हायचं होतं. ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं आणि सगळ्यांना ठाऊक होतं.

आल्या आल्या लीगचं उद्‌घाटन झालं. लीग सुरू होऊन सात-आठ वर्षं झाली होती, तरी झालं. शामियाना, बॅण्ड, फेटे, पाहुण्यांना शाली. मैदानाच्या चारी बाजूंनी फ्लेक्स लागले, त्यावर आलोकजी हात जोडून मोठे आणि खाली कबड्डी खेळणारी पोरं बारीक. चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला. मग संगमरवरी हत्ती गेला आणि आलोकजींच्या फोटोच्या ढाली आल्या. मग स्थापना दिवस आला, मग खेळाडूंचा सत्कार, मग सत्कार करणाऱ्यांचा सत्कार. प्रत्येक वेळी चेक नीलिमाकडे यायचा, कारण खात्यावर अध्यक्षांबरोबर कोषाध्यक्षाची सही लागायची.

बिलांत खोट काढायची म्हटलं तर काढता येत नव्हती. ती टेंटवाल्याकडे स्वतः जाऊन आली. शामियाना खरोखरच लागला होता, बॅण्ड खरोखरच वाजला होता. कुणी पैसे खाल्ले असते तर बरं झालं असतं, निदान बोट दाखवता आलं असतं. इथे सगळं खरं होतं, आणि पाटनच्या बसला पैसे उरत नव्हते. तिनं विचारलं की आलोकजी म्हणायचे, दीदी, आधी लीग दिसली पाहिजे, दिसली की देणग्या येतील, देणग्या आल्या की बसच बस. हे ते इतक्या मायेनं सांगत की ती सही करायची आणि घरी येऊन स्वतःवरच चिडायची.

पाटनच्या मुलींची प्रशिक्षक अंजनी तिथल्याच एका खाजगी शाळेत खेळाची शिक्षिका होती. कमी बोलणारी, सडपातळ, चालताना जमिनीकडे बघणारी. दोन रविवार तिनं मुलींना स्वतःच्या पगारातून आणलं. तिसऱ्या रविवारी पाटनचा संघ आला नाही आणि समोरच्या संघाला न खेळता गुण मिळाले. चौथ्या रविवारी अंजनी एकटीच आली, अर्ज घेऊन. वर्षभराचा हिशेब वार्षिक सभेत सगळ्या पालकांसमोर वाचून दाखवावा, एवढंच त्यात लिहिलं होतं. तो तिनं आधी नीलिमासमोर धरला.

नीलिमाला वाचताना बरं वाटलं. जे आपल्याला तोंडानं बोलता येत नव्हतं ते कुणीतरी लिहून आणलं होतं. तिनं लगेच सही केली, पहिली, सगळ्यांच्या वर. कोषाध्यक्षाचीच सही आहे म्हटल्यावर भराभर आणखी पालकांनी केल्या. अंजनीनं कागदाची घडी घालताना पहिल्यांदाच तिच्याकडे सरळ पाहिलं आणि म्हणाली, "दीदी, आप हैं तो हम लड़ लेंगे."

त्या दिवशी नीलिमा चालत घरी गेली ती जरा ताठ मानेनं. ती मान दोन दिवस टिकली.

तिसऱ्या दिवशी नवरा घरी आला तो तोंड पाडून. अश्विन रेल्वेच्या ऑफिसात होता. जन्म जबलपूरचा, शाळा हिंदीतली, मराठी घरापुरती. वस्तीतल्या बुद्धजयंतीच्या कमिटीचं काम तो दरवर्षी हौसेनं करायचा. जयंतीचा हॉल आलोकजींच्या चुलत्यांचा, आणि तो या वर्षी फुकट मिळणार होता. आलोकजी त्याला रस्त्यात भेटले होते. अर्जाबद्दल एक अक्षर बोलले नव्हते. खांद्यावर हात ठेवून फक्त म्हणाले होते की हॉलची चिंता करू नका अश्विनभाई, आपण घरचेच लोक, घरातलं कुणी आपल्याविरुद्ध थोडंच जाणार.

"तू काहून उगाच वाकडं घेऊन राहिली?" अश्विन म्हणाला. "लोकं मले विचारतीन हॉल काहून गेला तर मी काय सांगू, माह्या बायकोनं कबड्डीच्या बसपायी घालवला म्हणून?"

नीलिमा म्हणाली की मग सहीच परत घेऊ का? तसंही नको, अश्विन म्हणाला, ते वाईट दिसते. मग काय करू, या प्रश्नावर त्यानं टीव्ही लावला.

इकडे आड तिकडे विहीर झालं. अर्जामागे उभं राहावं तर साऱ्या वस्तीचा हॉल जातो. अर्ज मागे घ्यावा तर अंजनीला तोंड दाखवता येत नाही. आणि गप्प बसावं तर पुढचा चेक येतोच सहीला. दोन-तीन रात्री तळमळल्यावर तिला तिसरी वाट सुचली आणि ती इतकी सोपी वाटली की आधी कशी सुचली नाही याचंच नवल. कोषाध्यक्षपण सोडून द्यायचं. अंजनीनं लढावं, आलोकजींनी लढावं, आपण मोकळं व्हावं. अर्जावरची सही राहील, कुणाचं काही बिघडणार नाही.

घरी सांगितलं असतं तर अश्विननं मोडता घातला असता. म्हणून तिनं आपल्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत बसून कागद लिहिला. लिहायचा हिंदीत, कारण समितीचं सगळं हिंदीत. हिंदी तिला येत होती. लग्न होऊन आल्यापासून भाजीवाल्यापासून साहेबापर्यंत सगळ्यांशी तीच बोलायची. ‘इस्तीफ़ा’ हा शब्द तिला माहीत नव्हता असं नाही. पण टीव्हीवर मंत्री इस्तीफ़ा देतात, विरोधक इस्तीफ़ा मागतात, आणि ते सगळे भांडत असतात. तिला भांडायचं नव्हतं. भंडाऱ्याला तिच्या वडिलांनी पतसंस्थेचं सचिवपद सोडलं होतं ते किती शांतपणे, राजीनामा देऊन, वर सगळ्यांना चहा पाजून. तो शब्द तिला मऊ वाटला. तिनं लिहिलं:

‘मैं कोषाध्यक्ष नीलिमा रामटेके अपनी मर्ज़ी से राजीनामा दे रही हूँ। मेरी किसी से कोई शिकायत नहीं है। आगे हिसाब के मामले में मेरा नाम न जोड़ा जाए।’

मधलं वाक्य तिनं शिष्टाचार म्हणून घातलं. आपल्याकडे जाताना असं म्हणायची रीत आहे, मनात शंभर तक्रारी असल्या तरी.

संध्याकाळी तिनं कागद आलोकजींच्या हातात दिला. त्यांनी तो एकदा वाचला. मग तिच्याकडे पाहिलं, मग पुन्हा वाचला. मग घडी करून वरच्या खिशात ठेवला, खिशावर हात ठेवला आणि म्हणाले की दीदी, तुम्ही फार छान केलंत, याचीच गरज होती. त्यांना खरंच वेगळं कळलं होतं की कळून सवरून त्यांनी ते तसं घेतलं होतं, हे त्यांचं त्यांनाच ठाऊक. एवढं खरं की त्यांच्या शेजारी आयुष्यभर मराठी माणसं राहिली होती.

नीलिमा तिथून निघाली ती हलकी होऊन. वाटेत तिनं खव्याची जिलबी घेतली. घरी सगळ्यांनी विचारलं कशाची, तर म्हणाली, काही नाही, खावीशी वाटली. सासूबाई पार्वताबाईंनी दोन खाल्ल्या आणि तिच्याकडे जरा निरखून पाहिलं.

आठवड्यानं चेकबुक पुन्हा आलं. वार्षिक सभेच्या शामियान्याचा चेक होता. नीलिमा म्हणाली की मी तर कागद दिला आहे. आलोकजी म्हणाले, हो हो, तो सांभाळून ठेवलाय, सभेतच वाचणार, सभेसमोर आल्याशिवाय त्याला अर्थ काय? तोवर खातं तर तुमच्याच नावावर आहे. यात चूक काही नव्हतं. नियम तोच होता आणि ती नियमाची बाई. तिनं सही केली. दोन दिवसांनी हार आणि नाश्त्याचा चेक आला, त्यावरही केली. दोनच तर सह्या, तिनं स्वतःला समजावलं, की सुटले.

सभा मार्चअखेरच्या रविवारी मैदानावरच झाली. ऊन तापायला लागलं होतं, शामियान्याखाली पालक वर्तमानपत्रांनी वारा घेत बसले होते. अंजनी पाटनहून तिच्या संघातल्या चार मुलींना घेऊन आली होती. नीलिमा मंचावर होती, कोषाध्यक्षाच्या खुर्चीत, शेवटचीच वेळ म्हणून. आज जातो आहोत तर नीट जावं म्हणून तिनं कोसा रेशमाची निळी साडी नेसली होती.

अंजनी उभी राहिली आणि तिनं अर्जाची आठवण करून दिली. हिशेब वाचा म्हणाली. मागून पाच-सात पालकांनी ‘हाँ, पढ़िए’ असा आवाज दिला. आलोकजी हसत उठले. म्हणाले की अर्ज आम्हाला मान्य आहे, अर्ज करणाऱ्यांचा आदर आहे, आणि त्यावर पहिली सही आमच्या दीदींची आहे. तेव्हा आधी दीदींचंच म्हणणं ऐकून घ्या. त्यांनी खिशातून कागद काढला आणि वाचला. सावकाश, एकेक शब्द सोडवून, ‘राज़ीनामा’ शब्दावर किंचित थांबून.

वाचून झाल्यावर टाळ्या वाजल्या.

नीलिमाला वाटलं, आपल्याला निरोप देताहेत. तिचे डोळे भरून आले. ती उठली, चहूकडे वळून तिनं हात जोडले, अगदी हसून जोडले. कुणीतरी तिच्या गळ्यात झेंडूचा जाड हार घातला. आलोकजी शेजारी येऊन उभे राहिले, फोटो निघाला. हाराच्या वरून तिनं अंजनीला शोधलं, तिनंही टाळी वाजवावी म्हणून. अंजनी टाळी वाजवत नव्हती. ती नीलिमाकडे बघत होती आणि तिचा चेहरा नुकताच थोबाडीत बसलेल्या माणसासारखा झाला होता.

"तो मामला यहीं ख़त्म," आलोकजी म्हणाले. "शिकायत करने वालों ने ही राज़ीनामा कर लिया, तो अब विवाद कैसा? और अगले साल भी कोषाध्यक्ष हमारी नीलिमा दीदी. एक बार फिर ज़ोर से."

पुन्हा टाळ्या. त्या टाळ्यांमध्ये नीलिमाच्या डोक्यात कुठेतरी काहीतरी उलटं फिरलं. ती म्हणाली की नाही भैया, मी तर राजीनामा दिला आहे. तेच तर वाचलं दीदी, असं आलोकजी म्हणाले आणि लोक हसले. ती म्हणाली, राजीनामा म्हणजे पद सोडणं. तेव्हा ते तिच्याकडे वळले आणि लहान मुलाला समजवावं तसं सगळ्यांना ऐकू जाईल इतपत म्हणाले, "पद छोड़ना तो इस्तीफ़ा होता है दीदी. और छोड़ दिया था, तो परसों चेक पर दस्तख़त किसके हैं?"

दस्तखत तिचेच होते. ज्या हाराखाली तिची मान वाकली होती, तो हारही त्याच दस्तखतावर आला होता. ती खुर्चीत बसली. तिनं वर पाहिलं तेव्हा अंजनी चौघी मुलींना पुढे घालून मैदानाच्या फाटकातून बाहेर पडत होती. एक मुलगी मागे वळून बघत होती, तिला अंजनीनं हाताला धरून पुढे वळवलं.

घरी आल्यावर तिनं अश्विनला सगळं सांगितलं. राजीनामा म्हटल्याबरोबर त्याला हसू फुटलं. मग तिचा चेहरा पाहून ते थांबलं. तो म्हणाला की इकडे राज़ीनामा म्हणजे तडजोड, समेट. पोलीस ठाण्यात, कोर्टात दोन पार्ट्या लिहून देतात ना की आमचं आता भांडण नाही, आम्ही राजी आहोत, तो. तक्रार मागे घेतली असा त्याचा अर्थ. हे शेंबडं पोरगंही सांगेल, मला एकदा दाखवायचं तरी होतं.

"तुले दाखवलं असतं तर तू देऊ देला असता?" नीलिमा म्हणाली.

तो एवढंच म्हणाला की चल, निदान हॉलचं काम तर झालं. हे वाक्य तोंडातून गेल्यावर त्याचं त्यालाच वाईट वाटलं असावं, कारण तो उठून बाहेर ओट्यावर गेला.

पार्वताबाई लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"तुह्या सासऱ्यानं बी देला होता राजीनामा," त्या म्हणाल्या. "नळावर भांडण झालतं, ह्यायचं डोस्कं फोडलं होतं त्या लोकायनं. जातीवरून बोलले होते. तक्रार केली न बाप्पा हिमतीनं. मंग साहेब आले, शेजारी आले, समजावून समजावून थकले. एक दिवस घरी येऊन म्हणे, राजीनामा देऊन आलो. मी तं डोकशाले हातच लावला. मले वाटलं नोकरी सोडली. म्हटलं, काहून जी, नोकरी काहून सोडली? तं म्हणे, नाही, नोकरी ठेवासाठीच देला."

लसणाचं टोपलं त्यांनी बाजूला सारलं. "त्यायले ठाऊक होतं काय लिहून राहिले. तुले ठाऊक नव्हतं. येवढाच फरक."

नीलिमाला त्या फरकाचा आधार वाटायला हवा होता. रात्रभर तिनं तो धरून पाहिला. आपल्याला ठाऊक नव्हतं, आपली शब्दाची चूक झाली, यात लबाडी नाही. मग झोप का येत नव्हती? दुसऱ्या दिवसापासून ती अंजनीला फोन लावत राहिली. घंटा वाजायची आणि बंद व्हायची. आलोकजींकडे जाऊन तिनं नवा कागद दिला, त्यावर ठसठशीत ‘इस्तीफ़ा’ लिहून. त्यांनी तो वाचला, हसले आणि परत तिच्याच पर्समध्ये घातला. म्हणाले, सभेनं एकमतानं निवडलंय दीदी, आता पुढच्या सभेपर्यंत मी तरी काय करणार? आणि तुमच्यासाठी एक चांगली बातमी आहे. या रविवारपासून पाटनची बस पुन्हा सुरू.

तिला वाटलं, हे तरी हातात आलं. ज्या बससाठी सगळं झालं ती बस तरी मिळाली. मुली आल्या की अंजनी बोलेल, बोलली की सांगता येईल. रविवारी पहाटे ती स्वतःच बसबरोबर निघाली.

बस पाहून तिचे पाय थबकले. दोन्ही बाजूंनी, खिडक्यांवरून, फ्लेक्स ताणून बांधले होते. आलोकजी हात जोडून, आणि या वेळी त्यांच्या शेजारी तीही. निळी साडी, गळ्यात झेंडूचा हार, हात जोडलेले, हसतमुख. खाली तिचं नाव आणि पद. ड्रायव्हर म्हणाला की दीदी, फोटो मस्त आला. ती आत चढली आणि पहिल्या बाकावर बसली. खिडकीतून काही दिसत नव्हतं. रस्ताभर गव्हाची शेतं असणार, कापणी चालली असणार. तिला फक्त फ्लेक्सचा पांढुरका उजेड दिसत होता आणि त्यात आतल्या बाजूनं उलटी उमटलेली स्वतःच्या नावाची अक्षरं. पाटन येईस्तोवर ती तीच बघत राहिली.

शाळेच्या मैदानावर मुली सराव करत होत्या. बस पाहून त्या दोन पावलं पुढे आल्या आणि मग अंजनीकडे बघत जागच्या जागी थांबल्या. अंजनी एकटी बसपाशी आली. तिनं आधी फ्लेक्स पाहिला, वरपासून खालपर्यंत. मग नीलिमाकडे पाहिलं. नीलिमा घाईघाईनं बोलायला लागली. शब्दाची चूक झाली, आमच्याकडे राजीनामा म्हणजे इस्तीफ़ाच, मी पद सोडत होते, तक्रार नव्हते सोडत, कुणालाही विचार, कुठल्याही मराठी माणसाला विचार. बोलता बोलता तिला रडू यायला लागलं.

अंजनीनं तिला पूर्ण बोलू दिलं. तिच्या डोळ्यांत राग असता तर नीलिमाला सोसला असता.

"मान लिया दीदी," ती म्हणाली. "इस्तीफ़ा ही था. पर किससे दिया था? उनसे, या हमसे?"

नीलिमानं पदरानं डोळे पुसले.

मुली बसमध्ये चढणार नाहीत, अंजनी पुढे शांतपणे म्हणाली. हिशेब ज्या दिवशी सगळ्यांसमोर वाचला जाईल त्या दिवशी पायी येतील. मग ती वळली, शिट्टी तोंडात घातली आणि मुली पुन्हा सरावाला लागल्या. कबड्डीचा दम धरलेला तो एकसुरी आवाज बस वळेपर्यंत ऐकू येत होता.

परतीच्या वाटेवर बसमध्ये ती एकटी होती. अंजनीच्या प्रश्नाचं उत्तर तिनं मनात जुळवून पाहिलं. आधी हिंदीतून, मग मराठीतून. शब्दाची चूक, नियमाचा अडथळा, नवऱ्याची अडचण, वस्तीचा हॉल, सगळं एकेक करून मांडलं आणि एकेक करून बाजूला ठेवलं. जेवणाच्या सुट्टीत तो कागद लिहिताना तिच्या मनात एकच गोष्ट होती, अंजनीनं लढावं आणि आपण मोकळं व्हावं. म्हणजे आलोकजींनी वाचला तोच अर्थ त्यात होता. भाषा चुकली होती, अर्थ चुकला नव्हता. हे कळल्यावर तिला ओक्साबोक्शी रडावंसं वाटलं, पण ड्रायव्हर आरशातून बघत होता.

मदन महलच्या मैदानावर सामने सुरू झाले होते. एकता तिला बघून हात हलवत पळत आली, बसच्या दारातून आत डोकावली आणि रिकामे बाक बघून तिनं हात खाली घेतला. ड्रायव्हरनं भाड्याची पावती पुढे केली आणि म्हणाला की दीदी, साइन कर दो, पैसे निकल जाएँगे.

नीलिमानं पावती वाचली. मदन महल ते पाटन, पाटन ते मदन महल. बस खरोखरच गेली होती आणि खरोखरच आली होती. तिनं सही केली.